चोविसावी ओळ

साताऱ्याच्या एसटी स्टँडवर गाड्यांच्या वेळा दाखवणारा एक बोर्ड आहे. लोक त्यावर आपली गाडी शोधतात. कांबळे मॅडम त्यावरच्या ओळी मोजायच्या. सांगलीची गाडी लागलेली, कंडक्टर दोनदा घंटी मारून मोकळा झालेला, मी एक पाय पायरीवर ठेवून सामानासकट लटकलेला, आणि मॅडम बोर्डाखाली मान वर करून तर्जनीनं हवेत टिंबं देताहेत.

"संदीप, खालची ओळ अर्धी कापलीय. त्या गाडीचं नावच वाचता येत नाही. तिला जाणारा माणूस काय करेल?"

"चौकशीच्या खिडकीवर विचारेल, मॅडम."

त्यावर त्या जरा थांबत. मग म्हणत, "आणि खिडकीतला माणूसही बोर्ड बघूनच सांगत असला तर?"

एकदा त्या खरोखरच खिडकीवर जाऊन अर्ज लिहून आल्या, तोवर आमची गाडी निघून गेली. पुढच्या गाडीत कराडपर्यंत उभं राहून जावं लागलं. मी तोंड फुगवून होतो. मॅडमचं लक्षही नव्हतं. त्यांच्या डोक्यात तो अर्धवट नावाच्या गाडीचा माणूस बसला होता, आणि तो काही उतरायला तयार नव्हता.

मॅडम ठेंगण्या, पन्नाशी ओलांडलेल्या, डोळ्यांवर चष्मा. कडक इस्त्रीची सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या, कारण एक सांडली तर? गाडी कराडला पोचली की त्या ऑफिसात फोन करून विचारायच्या, "माझ्या टेबलावरचा पंखा बंद आहे का बघता?" पंखा बंदच असे. इतक्या वर्षांत तो एकदाही चालू राहिला नव्हता. ऑफिसातली पोरं पुढे पुढे जागेवरून न उठताच "बंद आहे मॅडम" असं सांगत, आणि मॅडमना ते कळे. "उठून बघ की रे," एवढंच म्हणत.

आमचं ऑफिस साताऱ्याच्या एमआयडीसीत, सहा माणसांचं. जाधव साहेब मालक. आम्ही कोल्ड स्टोरेजसाठी कंट्रोल पॅनेल बनवायचो, आणि त्या पॅनेलांवर चालणारा प्रोग्रॅम मॅडमनी लिहिलेला होता. काळा पडदा, पांढरी अक्षरं, चोवीस ओळी. माऊस नाही, चित्रं नाहीत. नवीन माणूस बघून हसतो आणि विचारतो, हे असलं अजून चालतं का? चालतं. थंडीत जाडे हातमोजे घातलेल्या माणसाला चार बटणं बरी पडतात.

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक सांगलीजवळ होतं. बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज. मोठमोठ्या खोल्या, छतापर्यंत रचलेले बेदाण्याचे बॉक्स, आणि भिंतींवरून फिरणाऱ्या नळ्यांत अमोनिया. त्या गॅसमुळे थंडी तयार होते. नळीतून तो सुटला तर मात्र नाक, डोळे, छाती जाळत जातो. पडद्यावरच्या वरच्या ओळींत प्रत्येक चेंबरचं तापमान दिसे. सगळ्यात खालची, चोविसावी ओळ मॅडमनी अमोनियाच्या सूचनेसाठी राखून ठेवली होती. जास्त गळती झाली तर भोंगा आपोआप वाजे. थोड्या गळतीची खबर फक्त त्या ओळीत येई. ओळ कोरी असली की सगळं ठीक.

मी कामाला लागलो त्या आठवड्यात मॅडमनी मला त्यांच्या खुर्चीमागच्या भिंतीसमोर उभं केलं. तिथे एक मोठा कागद चिकटवलेला, त्यावर पेन्सिलीनं आखलेले रकाने. ऑफिसात त्याला मॅडमची कुंडली म्हणत. पडद्यावर अक्षरं कुठे उमटवायची हे काम एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेला तयार प्रोग्रॅम, करते, जगभर कित्येक वर्षं वापरातली. तिच्यात काही आकडे उघड्यावर ठेवलेले असतात. ग्लोबल व्हेरिएबल म्हणतात त्यांना. पडद्यावर ओळी किती, तो एक आकडा. रकाने किती, तो दुसरा. प्रोग्रॅमच्या कुठल्याही कोपऱ्यातून ते वाचता येतात. गोम अशी, की कुठल्याही कोपऱ्यातून ते बदलताही येतात. कुणी अडवत नाही, कुणी विचारत नाही. मॅडमच्या कागदावर अशा प्रत्येक आकड्यापुढे दोन रकाने होते: कोण वाचतं, कोण लिहितं. ओळींच्या आकड्यापुढे दुसऱ्या रकान्यात ठळक लिहिलं होतं, 'फक्त लायब्ररी'.

"म्हणजे हात लावायचा नाही," मी म्हणालो.

मॅडम हसल्या, पण ते हसू लगेच मावळलं. त्या पाटणकडच्या एका गावातल्या. म्हणाल्या, "आमच्या आजोबांना गावच्या विहिरीला हात लावायची बंदी होती. कुणीतरी वरून ओतायचं, तेव्हा यांनी खाली ओंजळ धरायची. आणि मी इथं बसून पाट्या लावतेय, हात लावू नका म्हणून. मला कधी कधी माझीच लाज वाटते. मग मी स्वतःला सांगते, पाणी सगळ्यांनी प्यायचं. कुणाला अडवायचं नाही. फक्त पाण्यात पाय धुवायचा नाही, मग तो कुणाचाही असो."

माझ्या आजोळच्या गावातही एक तसलीच विहीर होती. आमची माणसं वरच्या बाजूची. मी कागदावरचा पुढचा आकडा वाचायला लागलो.

त्याच लायब्ररीत आणखी एक उघडा आकडा आहे, तो मॅडमचा लाडका. एस्केपचं बटण दाबलं की लायब्ररी त्यावर लगेच विश्वास ठेवत नाही, थोडी थांबते. कारण बाणाचं बटण दाबलं तरी आधी एस्केपचीच खूण येते आणि बाकीचं मागून येतं. किती थांबायचं, तो हा आकडा. मॅडम म्हणत, "हे मला पटतं. समोरच्याचं बोलून झालंय का नाही, हे बघायला थांबावं माणसानं." त्या स्वतःही तशाच थांबायच्या. फोनवर जाधव साहेबांचं वाक्य संपलं की पलीकडे शांतता. साहेब "हॅलो, हॅलो, लागलाय का" म्हणून ओरडायचे, आणि मग मॅडमचं उत्तर यायचं.

प्रोग्रॅममध्ये काहीही बदलण्याआधी त्यांचा एक प्रश्न ठरलेला होता: "हे चुकलं तर कुणाला लागेल?" काय बिघडेल, असं त्या विचारत नसत. कुणाला लागेल, असंच. सांगलीच्या स्टोरेजमध्ये आत जाणाऱ्या माणसांची नावं त्यांनी मागून घेतली होती आणि टेबलाच्या काचेखाली ठेवली होती. मी एकदा चेष्टेनं म्हणालो, "मॅडम, प्रोग्रॅमला नावं लागत नाहीत." त्या म्हणाल्या, "मला लागतात. नावं दिसली की हात थरथरतो. तो थरथरलेला बरा."

त्या यादीत शालन होती. तिशी-पस्तिशीची, बॉक्स मोजायच्या कामावरची, आवाज खणखणीत. सांगलीच्या त्या स्टोरेजमध्ये एक रीत होती, कुणी घालून दिली कोण जाणे. आत जाणाऱ्या प्रत्येकानं कंट्रोल रूमच्या खिडकीशी थांबायचं आणि विचारायचं, "सुभेदार, जाऊ का?" सुभेदार म्हणजे नामदेव पवार, पलटणीतून निवृत्त होऊन इथे पडद्यासमोर बसलेले. ते पडद्याची खालची ओळ बघायचे आणि म्हणायचे, "ऑल क्लिअर. जा." दिवसाला शंभर वेळा विचारलं तरी शंभर वेळा बघायचे. न विचारता आत गेलेल्याला ते दुसऱ्या दिवशी गेटवरच अडवत. मॅडमना ही रीत फार आवडायची. "माझ्या प्रोग्रॅमपेक्षा ही रीत पक्की आहे," असं त्या म्हणत. पण रीत ज्या ओळीवर टेकलेली, ती ओळ आपली आहे, हे त्यांच्या जिवाला खात राही. गाडीत सांगलीपर्यंत त्या हेच बोलत. ओळ लिहिली जाईल का, दिसेल का, दिसली तर कळेल का. ऐकून ऐकून मीही तिथे पोचलो की आधी ती ओळ बघू लागलो होतो.

एके दिवशी भलतंच घडलं. सकाळी सेन्सर तपासताना सूचनेची ओळ मुद्दाम उमटवली होती. नंतर सुभेदारांनी पडद्यावरची प्रोग्रॅमची खिडकी लहान केली आणि पुन्हा मोठी केली. खिडकीचा आकार बदलला की लायब्ररी ओळींचा आकडा आपोआप बदलते, तिचं ते कामच. आमचा प्रोग्रॅम नवी ओळ नव्या जागी लिहायचा, पण जुनी पुसायची राहून जायची. ती सकाळची सूचना पडद्याच्या मधोमध तशीच चिकटून राहिली. दुपारी सुभेदारांची नजर तिच्यावर गेली आणि त्यांनी भोंगा दाबला. चाळीस माणसं जिवाच्या आकांतानं पळाली. पायऱ्यांवर एक म्हातारी पडली, तिचं मनगट मोडलं. गळती कुठेच नव्हती.

आम्ही दुसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा ती म्हातारी गळ्यात हात बांधून हजेरी लावायला आली होती. मॅडम तिच्या प्लास्टरकडे बघत राहिल्या. मग कंट्रोल रूममध्ये बसल्या आणि पाण्याची अख्खी बाटली प्यायल्या. खरा उपाय त्यांना माहीत होता: आकार बदलला की अख्खा पडदा पुसून नव्यानं लिहायचा. पण तो करायचा, तपासायचा, तर आठ दिवस गेले असते, आणि मॅडमना आठ मिनिटंही धीर नव्हता. म्हणाल्या, "आकडा हलला की माणसं पळतात. आकडा हलताच कामा नये."

आणि त्यांनी एक ओळ लिहिली. पडद्यावरच्या ओळी: चोवीस. लायब्ररीच्या उघड्या आकड्यात, स्वतःच्या हातानं, दर सेकंदाला. शेवटी शिरस्त्याप्रमाणे आपल्या नावाची आद्याक्षरं टाकली, सु. कां. मग माझ्याकडे वळून विचारलं, "हे चुकलं तर कुणाला लागेल?"

मला चारची गाडी गाठायची होती. मी म्हणालो, "कुणालाच नाही मॅडम. आकडा पक्का झाला, उलट बरंच झालं."

साताऱ्याला परतल्यावर त्यांनी भिंतीवरच्या कागदावर 'फक्त लायब्ररी'च्या खाली बारीक अक्षरांत लिहिलं, 'आणि सु. कां.' ते मी पाहिलं. त्यात काही वावगं आहे असं मला तेव्हा वाटलं नाही, आणि वाटलं असतं तरी मी बोललो असतो की नाही, हे मला आज खात्रीनं सांगता येणार नाही.

पुढचे काही महिने सगळं सुरळीत चाललं. ओळ हलली नाही, भोंगा वाजला नाही. मॅडम मात्र सुरळीत नव्हत्या. काही होत नाही, याचीच त्यांना धास्ती वाटे. "फार शांत आहे रे," म्हणायच्या. आम्ही हसायचो. सुखात दुःख शोधायची हौस आहे मॅडमना, असं जाधव साहेब म्हणायचे.

तिकडे सांगलीत सुभेदारांचे डोळे अधू होत चालले होते. त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. पलटणीत डोळ्यांवर बढती अटकते, ती भीती अंगात मुरलेली. कुणाकडून तरी त्यांनी पडद्यावरची अक्षरं मोठी करून घेतली. आता त्यांना स्वच्छ दिसू लागलं. अक्षरं मोठी झाली तशा पडद्यावर ओळी कमी मावू लागल्या, चोवीसच्या अठरा. कोल्ड स्टोरेजला चेंबर चारच, त्यांची तापमानं वरच्या वर दिसत होती. खालची ओळ कोरी होती, आणि कोरी म्हणजे ठीक.

एका सकाळी शालन खिडकीशी थांबली. "सुभेदार, जाऊ का?" सुभेदारांनी नेहमीप्रमाणे वाकून खालची ओळ बघितली. "ऑल क्लिअर. जा." ती तीन नंबरच्या चेंबरमध्ये शेवटच्या रांगेपर्यंत बॉक्स मोजत गेली; वाटेत जरासा वास आला, पण सुभेदारांनी जा म्हटलं होतं. एका नळीच्या जोडातून गॅस झिरपून साचत होता, आणि तो जोड तिच्या आणि दाराच्या मध्ये होता. परत येताना तिला त्यातूनच यावं लागलं. बाहेर येऊन ती पडली. सांगलीच्या दवाखान्यात नऊ दिवस होती.

प्रोग्रॅम आपल्या प्रत्येक सूचनेची वेळ लिहून ठेवतो. शालन आत जायच्या पाच मिनिटं आधी सूचना निघाली होती. दिसली कुणाला नव्हती.

जाधव साहेब सांगलीहून पडद्याचा फोटो घेऊन आले आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला होता. "मिटलं. म्हाताऱ्यानं अक्षरं मोठी करून ठेवलीत. खालच्या सहा ओळी पडद्याबाहेर. आपला काही संबंध नाही. उद्या त्यांच्याकडे मीटिंग आहे, तेवढं सांगायचं आणि यायचं."

मॅडमनी फोटो हातात घेतला. बोटानं ओळी मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"अठराच आहेत ना?" साहेब म्हणाले.

"अठरा आहेत," मॅडम म्हणाल्या. "मग सूचना अठराव्या ओळीत यायला पाहिजे होती. लायब्ररी आकडा बदलते. का नाही बदलला?"

हे विचारतानाच त्यांना उत्तर कळलं असावं, कारण त्यांनी फोटो टेबलावर पालथा ठेवला. त्यांनी प्रोग्रॅम उघडला. मी मागे उभा होतो. लायब्ररीनं बरोबर अठरा सांगितलं होतं, आणि आम्ही दर सेकंदाला तिचं तोंड दाबून चोवीस म्हणवत होतो. पडद्यावर नसलेल्या ओळीत लिहायला सांगितलं, तर लायब्ररी भांडत नाही. जमलं नाही, एवढं हळूच कळवते आणि पुढे जाते. ते ऐकायची सोय आम्ही ठेवली नव्हती. मॅडमनी ती एक ओळ आणि तिच्यापुढची आपली दोन अक्षरं वाचली. "काचेखाली नावं ठेवून मी हे केलं," त्या म्हणाल्या. मला त्या दिवशी त्यांच्यासाठी वाईट वाटलं, आणि स्वतःसाठी भीती वाटली, कारण 'कुणालाच नाही' असं मी म्हणालो होतो, ते त्यांना आठवत असणार.

ही गोष्ट त्या खोलीबाहेर कुणालाही कळली नसती. प्रोग्रॅम उघडून बघणारं दुसरं कुणी नव्हतं. जाधव साहेबांनी तसं सुचवलंही, सरळ नाही, आडून. "मॅडम, तुमच्या जिवाला आधीच घोर. सुभेदारांना पेन्शन आहे. त्यांचं काही अडत नाही."

सांगलीच्या मीटिंगला स्टोरेजचे मॅनेजर, आम्ही तिघं, आणि सुभेदार. त्यांना खुर्ची दिली होती, पण ते बसले नाहीत. हात मांडीला लावून ताठ उभे राहिले. मॅनेजरनी विचारायच्या आतच बोलले.

"साब, चूक माजी हाय. डोळ्याला कमी दिसतंय त्ये म्या रिपोर्ट केलं न्हाई. अक्षरं मोटी करून घेतली. तिला जा म्हणून म्याच सांगितलं. पोरगी माज्या शब्दावर आत गेली." त्यांनी टाचा जुळवल्या. "काय शिक्षा आसंल ती द्या, म्या न्हाई म्हणणार न्हाई."

जाधव साहेबांनी मान हलवली, जड अंतःकरणानं वगैरे. मॅनेजर काहीतरी लिहायला लागले. मॅडम नेहमीसारख्या थांबल्या होत्या. आता त्या बोलणारच नाहीत असं मला वाटलं, आणि मनातल्या मनात मी देवाला सांगत होतो, न बोलल्या तर बरं.

"पवारसाहेबांची चूक नाही," मॅडम म्हणाल्या. सुभेदारांना 'साहेब' म्हणताना मी त्यांना प्रथमच ऐकलं. "डोळ्यांना दिसत नसेल तर अक्षरं मोठी करायचीच. ते कुणीही करावं, म्हणूनच ती सोय असते. सूचनेची ओळ अक्षरांबरोबर वर यायला पाहिजे होती. ती मी अडवून ठेवली."

मॅनेजरना काही उमजलं नाही. मॅडमनी त्यांना उठवून कंट्रोल रूममध्ये नेलं. आम्ही मागोमाग. अक्षरं तशीच मोठी होती. मॅडमनी खोटी सूचना पाठवली. पडदा कोरा. मग त्यांनी प्रोग्रॅममधून आपली एकच ओळ काढली आणि तीच सूचना पुन्हा पाठवली. अठराव्या ओळीत, पडद्याच्या अगदी तळाला, मोठ्या स्वच्छ अक्षरांत ती उमटली.

"बघा," त्या म्हणाल्या. "मी काहीच केलं नसतं तर दिसली असती."

सुभेदार पुढे आले. नाक पडद्याला लागेल इतके वाकले आणि त्यांनी ती सूचना मोठ्यानं वाचली, एक एक शब्द. "वाचता येतंय," म्हणाले. "म्याडम, मला ह्ये वाचता आलं आसतं." मग ते खुर्चीत बसले आणि रुमालानं डोळे पुसायला लागले. मॅडम त्यांच्या शेजारी उभ्या होत्या. त्यांचा हात सुभेदारांच्या खांद्यापर्यंत गेला आणि न टेकताच मागे आला.

परतीच्या वाटेवर गाडीत, कासेगाव आलं तेव्हा, जाधव साहेब मॅडमकडे वळले. मग म्हणाले, "तुम्हाला कुणी विचारलं होतं का?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "कुणी विचारणारच नव्हतं."

सुभेदारांची नोकरी राहिली. मॅडमची गेली नाही, पण राहिली असंही म्हणता येणार नाही. सांगलीच्या मॅनेजरांनी अट घातली, की ह्या बाईंनी आता प्रोग्रॅमला हात लावायचा नाही. साहेबांनी मॅडमना जुन्या फायली लावायच्या कामावर बसवलं. प्रोग्रॅम माझ्याकडे आला. मॅडमनी मला पडदा पुसून नव्यानं लिहायचं कसं ते शिकवलं, लांब उभं राहून, कीबोर्डाला बोट न लावता. आणखी एक गोष्ट त्यांनी करायला लावली: खालची ओळ कोरी ठेवायची नाही. ठीक असेल तर ठीक आहे असं लिहायचं. कोरी दिसली की समजायचं, काहीतरी मोडलंय. "गप्प आहे म्हणजे बरं आहे, असं मी धरून चालले," त्या म्हणाल्या. महिन्याभरानं त्यांनी राजीनामा दिला. पेढे नाहीत, शाल-श्रीफळ नाही. भिंतीवरचा कागद त्यांनी स्वतः उतरवला आणि घडी घालून पिशवीत टाकला.

जायच्या आधी एकदा मी त्यांच्याबरोबर शालनच्या घरी गेलो होतो. दवाखान्यातून येऊन तिला पंधरा दिवस झाले होते. दारात पाऊल टाकलं तर करपलेल्या दुधाचा वास. शालन गॅसच्या शेगडीजवळच बसली होती, पुढ्यात सुपात गहू, आणि पातेल्यातून दूध उतू जाऊन जळत होतं. मॅडम धावल्या, त्यांनी गॅस बंद केला.

शालननं वर बघितलं. "आवं म्याडम, कवा आलासा?" तिचा आवाज आता जाडाभरडा, ओढून काढल्यासारखा येत होता. मग पातेल्याकडे बघून म्हणाली, "ग्येलं व्हय. मला वास येत न्हाई आता कशाचाच. डाक्टर म्हणत्यात, यील न्हाईतर न्हाई बी यील."

मॅडम शेगडीजवळ जमिनीवरच बसल्या. "शालन, चूक माझी होती. तू आत गेलीस ती माझ्यामुळं."

"सांगितलं सुभेदारांनी." शालन गहू पाखडत राहिली. "लय जळजळ हुती बगा. डोळं मिटून, बॉक्साला हात लावत लावत आले. आता राग आला तर कुनाला सांगू." सूप थांबलं. "सोमवारपासनं जानार हाय कामाला."

"तिथंच?"

"मग कुटं? दुसरं काम म्हंजी ऊस तोडायचा. श्वास पुरतोय का तेवढा?"

"अगं पण तुला वास येत नाही," मॅडम म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या. शालननं खांदे उडवले. अमोनिया असा गॅस आहे, की सेन्सरच्या कितीतरी आधी माणसाचं नाक त्याला पकडतं. तिच्याकडे आता ते नाक नव्हतं. तिच्यासाठी फक्त ती एक ओळ उरली होती. परतताना कराड आलं आणि गेलं. मॅडमनी पंख्यासाठी फोन केला नाही.

सोमवारी मी सांगलीलाच होतो, नवा प्रोग्रॅम चढवायला. सगळं तपासून झालं होतं. सुभेदारांच्या नाकावर जाड भिंगांचा चष्मा आलेला होता, तरी अक्षरं मी मोठीच ठेवली होती. दहाच्या सुमाराला खिडकीशी शालन आली, आणि तिच्यामागे मॅडम. अंगात कुणाचा तरी मागून घेतलेला स्टोरेजचा जाड कोट, गुडघ्याखाली लोंबणारा. बाह्या दोनदा दुमडलेल्या, नाकावर पदर. गेटवर त्यांना आत कसं सोडलं, मला माहीत नाही. सुभेदारांना माहीत असावं, कारण ते माझ्याकडे बघत नव्हते.

"सुभेदार, जाऊ का?" शालननं विचारलं.

सुभेदारांनी चष्मा सारखा केला आणि ओळ मोठ्यानं वाचली. "चेंबर तीन, अमोनिया शून्य. ऑल क्लिअर." मीही खिडकीतून वाकून सांगितलं, "मॅडम, मी तीनदा तपासलंय. ओळ बरोबर दिसतेय."

"हो," मॅडम म्हणाल्या. "चांगलं केलंस."

आणि त्या शालनच्या पुढे चालू लागल्या. तीन नंबरच्या जाड दाराशी दोघी थांबल्या. मॅडमनी आपला चष्मा काढून शालनच्या हातात दिला, पदर नाकावरून बाजूला केला, दार ढकललं आणि एकट्याच आत गेल्या. शालन बाहेर उभी राहिली. मला खिडकीतून दिसत होतं ते एवढंच: उघडं दार, त्यातून जमिनीवर वाहत येणारी पांढरी वाफ, आणि हातात दुसऱ्याचा चष्मा धरून आत बघणारी शालन. सुभेदार उभे राहिले होते. किती वेळ गेला ते मी मोजलं नाही. पहिली रांग, दुसरी रांग, शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन वास घेत यायला जेवढा लागतो तेवढा.

मग आतून, लांबून, मॅडमचा आवाज आला. "ये गं."